मोटरसायकलच्या पैशात बसणारी होडी

दादाची मोटरसायकल विकली त्या दिवशी संध्याकाळी आबा अंगणात ट्रकच्या ट्यूबमध्ये हवा भरत बसले. पायाचा पंप. दाबला की फुस्स, सोडला की फुस्स. आत माय भाकरी थापत होती. तिचा हात एकदा थांबला आणि परत सुरू झाला. मी ओट्यावर बसून बघत होते. दिसत होतं, ऐकू येत होतं. बाकी काही होत नव्हतं.

ही ट्यूब दादाची नव्हती. दादाची फाटली होती.

आम्ही भोई. बुऱ्हाणपुरात तापीच्या काठाला, तटाच्या भिंतीला धरून आमची गल्ली आहे. आमच्याकडचे लोक नदीत मासे धरतात ते ट्यूबवर बसून. ट्रकच्या चाकाची रबरी ट्यूब, तिच्यावर दोरीनं आवळलेली फळी, फळीवर माणूस. हातांत चपलेएवढ्या दोन लाकडी पाट्या, त्याच वल्ही. गुडघ्याखाली पाय पाण्यात आणि जाळं मांडीवर. या प्रकाराची लाज वाटायला हवी. आम्हाला नाही, आमच्या नावानं योजना काढून फोटो काढून घेणाऱ्यांना. उन्हाळ्याच्या तोंडाला दादा बंधाऱ्याच्या वरच्या डोहात जाळं काढायला गेला. खाली बुडालेली बाभूळ होती, की कुणाच्या बांधकामाची सळई, ते शेवटपर्यंत कळलं नाही. ट्यूब फाटली, जाळं पायात आलं. दादा पट्टीचा पोहणारा होता. पण जाळ्यात पोहता येत नाही.

त्याच्या आदल्याच हिवाळ्यात आमच्या गल्लीतल्या तरुणांच्या मंडळानं पत्रक काढलं होतं. मजकूर माझा. ‘पाणी सरकारचं, मासा ठेकेदाराचा, बुडणं आमचं!’ दादानं ते उभ्याउभ्या वाचलं, म्हणाला, “झकास लिहितेस बे,” आणि त्यातच दोन टिलापिया मासे गुंडाळून शेजारच्या काकूंकडे पाठवून दिले. तो गेल्यावर मंडळातली पोरं आली. म्हणाली, ताई, आता दादावर लिहा, मोर्चा काढू. मी कागद घेऊन बसले. रडू येत नव्हतं, तसंच लिहिणंही येत नव्हतं. पोरं चहा पिऊन गेली.

“आबा, हवा कशाला भरताय? बंदी आहे,” मी म्हणाले. पावसाळ्यात मासा अंडी घालतो, म्हणून दोन महिने जाळं टाकायला बंदी असते.

“गळते का बघतो.”

“नाही गळली तर?”

“तर बंदी उठली की जाईन. घरात बसून काय करू? तुझी पत्रकं वाचू?”

“होडी घेऊ.”

“कशाच्या जिवावर?”

“मोटरसायकलचे पैसे आहेत ना.”

आबांनी पंप दाबला. “होडीला दोन माणसं लागतात. एक वल्हवतो, एक जाळं ओढतो. दुसरा कोण आहे आता?”

आत भाकरी थापायचा आवाज बंद झाला.

“मी आहे,” मी म्हणाले.

“तू! तुला सायकल धड चालवता येत नाही.”

“होडीला ब्रेक नसतो. जमेल.”

आबा हसले नाहीत, पण पंपावरचा पाय काढला. मग म्हणाले, “बंदी उठायच्या आत मिळाली तर मिळाली. नाही तर मी चाललो.” गोष्ट एवढीच होती. तोवर होडी मिळाली नाही, तर माझा बाप त्याच डोहात ट्यूबवर बसणार होता.

होडी घ्यायची तर कोणती, यावर घरात वाद झाला नाही, कारण पैशानंच तो मिटवला होता. नवी कुठलीच बसत नव्हती. लाकडाची जुनी मिळते, पण तिला दरवर्षी डांबर लागतं आणि ती दुरुस्त करणारा सुतार आता आमच्या भागात नाही. फायबरची जुनी होडी म्हणजे लग्न जमवणाऱ्यानं लपवलेला आजार. चीर आत असते, वरून रंग. राहिली ॲल्युमिनियमची. ती कुजत नाही, दोन माणसांना उचलता येते, चेपली तर ठोकून सरळ करता येते. माय ॲल्युमिनियमला जर्मन म्हणते. आमच्याकडे सगळ्याच बायका म्हणतात, पातेल्यांमुळे. “म्हणजे जर्मनच्या पातेल्यात बसून जाणार तुम्ही,” ती म्हणाली. दादा गेल्यापासून इतकं लांब वाक्य ती बोलली नव्हती.

पहिली होडी आम्ही बुऱ्हाणपुरातल्याच लालबागेत पाहिली, एका भंगारवाल्याच्या आवारात. जुन्या लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, सांगाडे, कुलर, टिनाचे पत्रे, आणि त्यांच्या मध्ये ही बया. लांबलचक, निळी, बाजूला पांढऱ्या अक्षरांचे अर्धवट खरवडलेले अवशेष. मागे इंजिन बसवायची जागा. पुरात लोकांना बाहेर काढायला घेतलेली, लिलावात निघालेली.

“मैडम, सरकारी माल है,” भंगारवाला म्हणाला. “बाढ़ में आदमी बचाने वाली नाव।”

“मग हिनं किती माणसं वाचवली?”

“अरे, ये तो कभी पानी में उतरी ही नहीं! गोदाम में खड़ी रही। एकदम नई समझो।”

तो हे कौतुकानं सांगत होता. मी त्या निळ्या पत्र्यावर हात ठेवून उभी राहिले. आमच्या गल्लीत पाणी शिरतं तेव्हा लोक केळीची खोडं एकत्र बांधून त्यावर म्हाताऱ्या माणसांना बसवतात. आणि ही गोदामात उभी होती, कोरडी ठणठणीत. एरवी मी तिथंच भाषण ठोकलं असतं. त्या दिवशी मला फक्त ती होडी पाहिजे होती. घेऊन जाऊन घाटावर उभी करायची होती, सगळ्यांना दिसेल अशी.

आबा खाली वाकून बूड बघत होते. बूड मधोमध धारदार होतं, वखराच्या पात्यासारखं. “ही खोल पाण्याची आहे. तापीत पावलापावलाला काळा दगड. दगडावर बसली तर हिला काढायला क्रेन आणावी लागेल.” मग त्यांनी एक टोक उचलून पाहिलं. उचललं गेलं नाही.

“चाचा, इंजन लगाओ ना,” भंगारवाला म्हणाला.

“पेट्रोल तू देणार का?”

“ही घेऊ आबा,” मी म्हणाले. “पैशात बसते.”

“पैशात बसते, नदीत नाही बसत.” त्यांनी हात झटकले. “पोरी, तुला होडी घ्यायची आहे का कुणाचा बदला?”

मी पत्र्यावरचा हात काढला. रिक्षात बसून घरी आलो.

दुसरीचा पत्ता मायला मासळी बाजारात लागला. ती तिथं बसते. बंदीत बाहेरचा मासा विकते. धूलकोटच्या पुढे एक तलाव आहे. त्याचा ठेका संपला, ठेकेदार दुसरीकडे गेला आणि होडी तिथल्या राखणदाराकडे राहिली. तो आता तलाव सोडून मुलीकडे खंडव्याला राहायला निघाला होता. माय म्हणाली, “मी येणार.”

“तू कशाला वं?” आबा म्हणाले.

“माठ घ्यायला मी जाते. होडी काय वेगळी असते? दोघांत पाणी कुठं आहे तेच बघायचं ना, आत का बाहेर.”

धूलकोटपर्यंत बस, पुढे रिक्षा, शेवटी चिखल. राखणदार आबांपेक्षा वयानं मोठा, डोक्याला गमछा. होडी काठावर पालथी घातलेली. सरळ केली आणि आबांचा चेहरा पाहून मला कळलं की हीच. सपाट बुडाची, नाकाडं चौकोनी, दोन बाजा टोकाला टोक लावल्यावर होतील एवढी. दोघांनी उचलली तर उचलली गेली. मधल्या बैठकीच्या फळ्या लाकडी, शाबूत. एका बाजूला चेपलेली होती, पण चेपलेलं चालतं.

नाकाशी, आतल्या बाजूला, शेंदराचा जाड थर होता. वर्षानुवर्षं एकावर एक चढवलेला, हाताच्या मुठीएवढा. त्यात मधोमध तांब्याचा जुना पैसा. मायनं आधी त्याला हात जोडले, मग होडी पाहिली. ही आमच्या लोकांची रीत आहे, नर्मदेकडेही आहे आणि तापीवरही. होडी पाण्यात घालायची तर तिच्या नाकाशी माईच्या, म्हणजे नदीच्या नावानं तांब्याचा पैसा बसवायचा. माझ्या आजोबांच्या लाकडी होडीलाही होता म्हणतात.

मायची परीक्षा सुरू झाली. होडी चार दगडांवर ठेवली. राखणदाराच्या चुलीतली राख मागून घेतली आणि बाहेरून सगळ्या बुडाला कोरडी फासली. मग आत बादल्यांनी पाणी भरलं, उलट. होडीत पाणी घालून बाहेर बघायचं. जिथे राख ओली होऊन काळी पडेल, तिथे गळतं. माठाचंही ती असंच करते.

आम्ही बसलो. राखणदारानं चहा केला. राख बऱ्याच ठिकाणी तशीच राहिली. पत्रे जोडणाऱ्या एका रिबेटीशी टिकलीएवढी काळी झाली. आबा म्हणाले, ती ठोकली की बसेल. आणि मग नाकाखालून ओघळ निघाला. बारीक, पण न थांबणारा.

“ते वरून सांडलं,” राखणदार म्हणाला.

मायनं पुसलं, परत राख लावली. परत ओघळ. बरोबर शेंदराच्या खालून.

“तो थर काढून बघू,” मी म्हणाले.

“नाही ताई. त्याला हात लावायचा नाही. माझ्या घरच्या बाईनं बसवलेला आहे. ती आता नाही.”

“पण खाली भोक आहे काका.”

“असेल. डांबर लावा. तो काढला तर होडीतून माई गेली समजा.”

“मग माईच्या नावाखाली भोक विकताय का तुम्ही? माझा भाऊ…”

“जीभ आवर,” माय म्हणाली. मोठ्यानं नाही. ती उठली, तलावाचं पाणी ओंजळीत आणलं, शेंदरावर घातलं आणि राखणदाराला म्हणाली, “दादा, आम्ही नाही हात लावत. तुमच्या बाईनं बसवला, तुम्हीच काढा. माझा पोरगा पाण्यात गेला. नवऱ्याला बसवायचं आहे हिच्यात.”

राखणदार जाऊन कोयता घेऊन आला. त्याच्या टोकानं शेंदूर कडेनं खरवडला. थर खापरीसारखा एकदम निघाला. खाली पत्रा नव्हता म्हणायला हरकत नाही. पांढरी भुकटी होती, खारी बुंदीसारखे फोड, आणि आबांनी नख लावलं तर नख आरपार गेलं.

राखणदार खाली बसला. “रोज पाया पडायचो मी इथं,” तो म्हणाला. “रोज अर्धी बादली उपसायचो. वाटायचं, जुनी झाली.”

“हे मीटरच्या सांध्यासारखं झालंय,” आबा म्हणाले. बंदीच्या दिवसांत आबा लूमच्या शेडमध्ये कामाला जातात. विजेच्या खांबावरची तार ॲल्युमिनियमची, आतली तांब्याची. दोन्ही उघड्या एकमेकींना पिळल्या की पावसाळ्यात सांधा असाच पांढरा होतो आणि जळतो. बुऱ्हाणपुरात हे कुणालाही विचारा. प्रत्येक शेडमध्ये एक जळका सांधा आहे. पण शेडमधलं ज्ञान शेडमध्ये राहतं. लाकडी होड्या गेल्या, पत्र्याच्या आल्या, आणि पैसा तोच राहिला, तांब्याचा, ओलाव्यात, वर्षानुवर्षं. आमच्या लोकांनी आपल्या हातानं, भक्तीनं, होडीच्या नाकाला भोक पाडलं होतं.

राखणदारानं पैसा पुसून खिशात ठेवला. किंमत त्यानं स्वतःच कमी सांगितली. आबांनी घासाघीस केली नाही. केळी उतरवून परत निघालेला एक पिकअपवाला भेटला. त्यात केळीच्या पानांचा बिछाना करून होडी ठेवली आणि आम्ही तिघं तिच्यात बसूनच बुऱ्हाणपूरला आलो. रस्त्यात लोक बघत होते. एकजण ओरडला, “चाचा, नदी उधर है!” आबांनी वल्ह्यानं दाखवलं, “तिकडंच चाललो.”

भोकावर ठिगळ बसवलं ते भांडी दुरुस्त करणाऱ्याकडून. जुन्या पातेल्याचं बूड कापून, रिबेटीसुद्धा ॲल्युमिनियमच्याच. पितळेच्या बसवत होता, मी हात धरला; पितळेतही तांबंच असतं. परत राख, परत पाणी. राख कोरडी राहिली. मायनं दोनदा बोट फिरवून पाहिलं.

आणि बंदी उठायच्या आदल्या दिवशी मायनं ट्रंकेतून तांब्याचा पैसा काढला.

मला वाटलं ती दाखवायला काढतेय. ती चिंचेनं घासायला बसली.

“माय, तू पाहिलंस ना भोक?”

“पाहिलं.”

“तुझ्यासमोर आबांचं नख आरपार गेलं.”

“गेलं.” ती घासत राहिली. “त्याच्या ट्यूबला काही नव्हतं, तेही मी पाहिलं. ट्यूबला कोण पैसा लावतं? भोक पडलं तर दिसतं, पाणी उपसता येतं. ते दुसरं उपसता येत नाही.”

मी बोलले. सगळं बोलले. मंडळात शिकलेलं, चौकात माईकवर बोलते ते. अंधश्रद्धा, धातू, कारण, परिणाम. आवाज चढला तसं शेजारच्या काकू दारात आल्या. माय म्हणाली, “झालं का? आता ऐक. पैशाशिवाय मी त्यांना बसू देणार नाही.”

मी आबांकडे पाहिलं. आबा भिंतीला टेकून होते. “तिच्या मनाविरुद्ध होडी नाही घालणार मी पाण्यात,” ते म्हणाले. “पैसा लावला तर ठिगळ खाईल. नाही लावला तर ही घास नाही खाणार. सकाळी ट्यूब घेतो. ट्यूबवर भांडण नाही.”

ते गंमत करत नव्हते. ट्यूब कोपऱ्यात फुगलेली होती.

मी उठून दाराशी गेले, कारण आत उभं राहवेना. दाराच्या खुंटीला मायचा तराजू टांगलेला असतो, बाजारातला. जुना, हातातला. त्याचं एक पारडं हलकं आहे, म्हणून त्या बाजूच्या साखळीला पासंग बांधलेला आहे: भोकं पाडून तारेत ओवलेले जुने पाच पैसे, चौकोनी. लहानपणापासून मी ते पाहत आले. हातात घेतले. वजनच नाही. कागदासारखे.

“माय, हे कशाचे गं?”

“कशाचे म्हणजे? पाच पैशांचे.”

“धातू कोणता?”

तिनं मान वर केली. “जर्मन.”

मी तराजू काढून तिच्यापुढे ठेवला. “होडी याचीच आहे. हा पैसा लावला तर काही खाणार नाही एकमेकांना.”

मायनं पासंग बोटानं हलवून पाहिला. “माईला तांब्याचा लागतो.”

“माईनं सांगितलं का?”

“आणि हे बंद झालेले आहेत. बाजारात चालत नाहीत.”

“नदीला काय भाजी आणायची आहे वं?” आबा म्हणाले.

काकू दारात हसल्या आणि पदर तोंडाला लावला. माय हसली नाही. म्हणाली, “पासंग काढला तर माझा तराजू खोटा होईल.” हे तिनं वाद घालायला म्हटलं नव्हतं; ती खरंच त्याचा विचार करत होती. मग तिनं तार उकलली. पाच-पैशांतला एक काढून बाजूला ठेवला आणि बाकीच्यांत घासलेला तांब्याचा पैसा तारेनं आवळून पाहिला. ते पारडं जड झालं. अजून दोन काढले. अजून एक. दांडी सरळ झाली. तिनं तराजू डोळ्यांसमोर धरून पाहिला, परत पाहिला, आणि खुंटीला अडकवला.

सकाळी घाटावर तिनं ठिगळाच्या वर, नाकाशी, बाजूला ठेवलेलं ते पाच पैशांचं नाणं बसवलं. शेंदूर, हळद, एक केळं. काय पुटपुटली ते मला ऐकू आलं नाही.

आबा पुढे बसले, मी मागे. नदी गढूळ, अंगावर आलेली. मी वल्हं मारलं तर होडी जागच्या जागी फिरली. घाटावरच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. “पाणी मागे ढकल, नदीला मारू नकोस,” आबा म्हणाले. “डावं. डावं म्हटलं. तुझं डावं कुठं आहे?” मग जमलं थोडं.

बंधाऱ्याच्या वर आम्ही गेलो. डोह तोच होता. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आबा उभे राहिले, पाय फाकवून, आणि जाळं सोडत गेले. त्यांचे पाय कोरडे होते. मी इतकी वर्षं त्यांना नदीत पाहिलं, पण त्यांची घोट्याच्या खालची पावलं पाण्याबाहेर मी पहिल्यांदा पाहत होते. काळी, भेगाळलेली, अंगठ्याचं नख उडालेलं. मी त्यांच्याकडेच बघत राहिले. मला वाटत होतं की आता काहीतरी वाटेल. वल्हं धरून होते, होडी सरळ ठेवत होते. काही वाटलं नाही. मग जाळं ओढायची वेळ आली आणि आबा म्हणाले, “धरून ठेव, हलू देऊ नकोस,” आणि मी धरून ठेवली.

मासा फार नव्हता. पहिल्या दिवशी पाणी चढं असलं की नसतो.

परत आलो तेव्हा माय घाटाच्या शेवटच्या पायरीवर उभी होती, तराजू न घेता, टोपली न घेता. पाऊस भुरभुरत होता. होडी पायरीला लागायच्या आतच तिनं विचारलं, “आत पाणी आलं का?”

आबांनी बुडावरून तळहात फिरवला आणि तिला दाखवला. “तुझ्या पदराला आहे त्याहून कमी,” ते म्हणाले. “सरक, दोर बांधू दे.”